दुकान मोकळे करायचे, तर माल कुठे ठेवायचा?

तुम्ही विचारलेला प्रश्न असा आहे. सोलापुरात नवी पेठेत तुमचा १४ फूट रुंद, ४५ फूट खोल आणि १३ फूट उंच असा पश्चिमेकडे तोंड असलेला गाळा आहे. तीन पिढ्या तिथे चादरी, टॉवेल, पंचे आणि बेडशीट यांचा व्यवसाय चालत आला आहे. आता दुकानाचे नूतनीकरण मिनिमलिस्ट पद्धतीने करावे अशी तुमची इच्छा आहे, तर ‘दुकान भरलेले दिसले पाहिजे, रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक पाय ठेवत नाही’ असे वडिलांचे म्हणणे आहे. या दोन्हींचा मेळ कसा घालावा, सुरुवात कुठून करावी आणि साहित्य कोणते वापरावे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

गेली बावीस वर्षे मी या शहरात दुकानांचीच कामे करतो आहे आणि त्या अनुभवावरून आधी हे सांगतो की वडिलांची शंका खरी आहे. कापडाच्या व्यवसायात निवड म्हणजे विश्वास. दहा चादरी समोर पडल्याशिवाय अकरावी पसंत पडत नाही. तेव्हा माल कमी करून दुकान मोकळे करण्याचा विचार मनात असेल तर तो सोडून द्यावा. मिनिमलिस्ट दुकान म्हणजे कमी मालाचे दुकान नव्हे. जो माल या क्षणी गिऱ्हाइकाला पाहायचा आहे तेवढाच बोलतो आणि बाकी सगळे, म्हणजे भिंती, छत, कपाटे, तारा, पाट्या आणि उरलेला माल, गप्प बसते, असे ते दुकान होय. डोळ्यांना दिसणारी मोकळी जागा दुसरीकडे नीट रचलेल्या कपाटांच्या बळावरच मिळते. म्हणून अशा कामाचा नकाशा मी दर्शनी काचेपासून काढायला घेत नाही, मागच्या गोदामापासून घेतो. हे उलटे केले की उद्घाटनाच्या दिवशी देखणे दिसलेले दुकान दिवाळीपर्यंत गठ्ठ्यांनी भरून जाते.

वडिलांना ही कल्पना परदेशी वाटत असेल तर त्यांना त्यांच्याच वडिलांच्या काळातील पेढीची आठवण करून द्यावी. पांढरी स्वच्छ गादी, कडेला लोड आणि तक्के, भिंतीत बंद कपाटे आणि समोर काहीही नाही. गिऱ्हाईक बसले, पाणी आले, विचारपूस झाली, मग आतून एक एक वस्तू निघाली आणि त्या पांढऱ्या गादीवर उलगडली गेली. त्या गादीचे पांढरेपण सजावटीसाठी नव्हते. शेजारी दुसरा रंग नसला की कापडाचा रंग खरा दिसतो, हे त्या मंडळींना पुरते माहीत होते. काचेच्या कपाटात छतापर्यंत माल रचून दाखवण्याची रीत नंतरची आहे. तेव्हा तुम्ही करू पाहता आहात ते आपल्या धंद्याच्या अंगवळणी पूर्वीच पडलेले आहे, फक्त आता गिऱ्हाईक उभे राहून पाहते आणि त्याला काही गोष्टींना स्वतः हात लावायचा असतो, एवढा फरक लक्षात घ्यावा लागेल.

घरांच्या बाबतीतही तेच. सोलापूर जिल्ह्यातील जुनी माळवदाची घरे आठवा: जाड भिंती, भिंतीतच कोरलेले कोनाडे, लाकडी खुंट्या, शहाबादी फरशी आणि वर मातीचे धाबे. वस्तू ठेवण्याची जागा भिंतीच्या जाडीत सामावलेली असल्यामुळे खोली मोकळी राहायची आणि उन्हाळ्यात थंडही राहायची. तुमच्या दुकानाची मूळ कल्पना मी परदेशी मासिकातील छायाचित्रांपेक्षा या खोल्यांतून घेईन.

तरीही बाहेरची दोन उदाहरणे सांगतो, कारण ती कपड्यांच्याच व्यवसायातील आहेत. अडॉल्फ लोस या वास्तुविशारदाने व्हिएन्नातील मिखाएलरप्लाट्झ या चौकात गोल्डमन आणि सालात्श या शिंपीकाम करणाऱ्या पेढीसाठी १९०९ ते १९११ या काळात इमारत बांधली. समोर राजवाडा, आजूबाजूला नक्षीदार दर्शनी भाग, आणि या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर मात्र खिडक्यांभोवती साधी महिरपही नाही; त्यावरून शहरात एवढा गदारोळ झाला की काम काही काळ थांबवावे लागले. मात्र खालच्या दुकानाच्या मजल्याला त्याने हिरवट शिरांचा अस्सल संगमरवर लावला होता. नक्षी काढून टाकली, पण दगड हलका वापरला नाही. दुसरे उदाहरण ब्रिटिश वास्तुविशारद जॉन पॉसन यांनी १९९५ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर केलेल्या कॅल्विन क्लाइन या कपड्यांच्या कंपनीच्या दुकानाचे. दगडी फरशी, पांढऱ्या भिंती आणि थोडेसेच टांगलेले कपडे, अशी त्याची मांडणी जगभर अनुकरली गेली. अनुकरण करणाऱ्यांनी बहुधा पांढरा रंग तेवढा उचलला. त्या शांततेमागे कोठीची, दिव्यांची आणि सांध्यांची केवढी आखणी असते, हे फार थोड्यांनी पाहिले.

आता कामाला लागू. आर्किटेक्टकडे जाण्याआधी तुम्ही स्वतः दोन गोष्टी कराव्यात. पहिली, एक महिना वहीत रोज लिहून ठेवा की कोणता माल किती वेळा उलगडून दाखवला गेला आणि त्यातला किती विकला गेला. विक्रीची नोंद तुमच्याकडे असतेच. दाखवल्याची नोंद कुणी ठेवत नाही, आणि दुकानाची रचना नेमकी तिच्यावर ठरते. जो माल रोज दाखवावा लागतो तो हाताच्या अंतरावर, आठवड्यातून एकदा लागणारा बंद कपाटात वरच्या खणात, हंगामाचा माल पोटमाळ्यावर, आणि वर्षभर कुणी मागितलाच नाही तो एकदा सवलतीत काढून टाकायचा. दुसरी गोष्ट, प्रत्येक प्रकारच्या मालाच्या घडीचे माप घ्या. साठ बाय नव्वद इंची चादर, टॉवेल, बेडशीटची पिशवी, पंच्यांचा गठ्ठा, या प्रत्येकाची लांबी, रुंदी आणि दहा नगांची उंची पट्टीने मोजून लिहा. कपाटाचा खण घडीवरून ठरला पाहिजे. सुतार सवयीने सगळीकडे १८ इंची खोलीचे आणि १५ इंची उंचीचे खण करतो. मग चादर पुढे डोकावते, टॉवेलच्या वर सहा इंच जागा वाया जाते आणि त्या सहा इंचांत कुणीतरी पावतीपुस्तके कोंबतो.

तुमच्या गाळ्यात मी जागेची वाटणी अशी करीन. रस्त्याकडचे ५ फूट मोकळा ओटा, म्हणजे काच शटरच्या रेषेत न बसवता ५ फूट आत घ्यायची. त्यामागे २६ फूट विक्रीची जागा. मागचे १४ फूट कोठी, आणि त्या कोठीवर पोटमाळा. १३ फूट उंचीत खाली साडेसात फूट ठेवून वर माल ठेवण्यापुरते सुमारे ५ फूट मिळतात. म्हणजे कोठीची जागा जवळपास दुप्पट होते. वडील म्हणतील की एक तृतीयांश दुकान कोठीला गेले. त्यांना शांतपणे हे दाखवावे की आज दोन्ही भिंतींचे उघडे रॅक, समोरचे लांब काउंटर आणि त्याच्या आडोशाला रचलेले गठ्ठे मिळून याहून जास्त जागा खातात आणि शिवाय गिऱ्हाइकाला उभे राहायला अडीच फुटांची बोळ उरते.

विक्रीच्या जागेत एक भिंत पूर्ण बंद आणि दुसरी जवळजवळ मोकळी, असा माझा आग्रह राहील. दोन्हींवर थोडे थोडे केले की कशाचाच प्रभाव पडत नाही. बंद भिंतीवर २६ फूट लांब आणि ८ फूट उंच अशी सलग कपाटे करावीत, रंग भिंतीचाच. पल्ले दीड फुटांहून रुंद नकोत, नाहीतर उघडताना वाट अडते. दाबले की उघडणारी कडी चित्रात सुंदर दिसते, पण दिवसातून शंभर वेळा उघडणाऱ्या कापड दुकानात आणि आपल्या धुळीत ती वर्षभरही धड चालत नाही. त्यापेक्षा पल्ल्याच्या कडेलाच बोटे जातील अशी खाच ठेवावी. फळ्यांसाठी १८ मिलिमीटरचे चांगले प्लायवुड पुरते, मात्र दोन उभ्यांमधील अंतर अडीच फुटांपेक्षा जास्त ठेवू नये आणि पुढच्या कडेला दीड-दोन इंची लाकडी पट्टी द्यावी. जड सोलापुरी चादर दीड-दोन किलोची असते. वीस चादरींचा गठ्ठा म्हणजे ३० ते ४० किलो होतात आणि तीन फुटांची फळी सहा महिन्यांत पोट काढते. सरळ रेषांच्या दुकानात वाकलेली फळी फार दुरून दिसते.

मोकळ्या भिंतीवर काय असावे? माझ्या मते कमरेच्या उंचीवर एक लांब दगडी किंवा लाकडी कट्टा, त्यावर हाताळण्यासाठी टॉवेलचे मोजके थर, आणि वर साडेसात-आठ फुटांवर लाकडी खुंट्यांची एक ओळ. त्या खुंट्यांवर दांडीला एकावेळी तीन चादरी पूर्ण उघडून टांगलेल्या. घडी केलेल्या चादरीची फक्त कड दिसते आणि सगळ्या चादरी सारख्याच वाटतात. उघडल्यावर जॅकार्डच्या, म्हणजे मागावरच विणलेल्या, नक्षीचा मधला भाग, किनार आणि पालथ्या बाजूला उलटे झालेले रंग दिसतात; भौगोलिक मानांकन मिळालेल्या या कापडाची ओळख त्या विणीत आहे आणि ती दिसण्यासाठी पाच फूट बाय साडेसात फूट मोकळी भिंत लागते. भिंतीच्या मोकळेपणाचे सारे प्रयोजन एवढेच आहे. दर सोमवारी चादरी बदलाव्यात. तीच चादर महिनाभर टांगलेली राहिली की ती पडद्यासारखी होऊन जाते आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

मध्ये साडेचार फूट बाय सात फूट असे एकच मोठे टेबल असावे, उंची ३ फूट, वरचा भाग फिकट आणि झळाळी नसलेला. ही तुमची नवी गादी. माल तिथेच उलगडायचा आणि दाखवून झाला की लगेच मागच्या कपाटात जायचा. टेबलाच्या दोन्ही बाजूंना ४ फूट वाट मिळाली तर उत्तम, पण तेवढी रुंदी तुमच्याकडे नाही. रुंदीचा हिशेब करून पाहा: १४ फुटांतून कपाटाचे पावणेदोन फूट आणि कट्ट्याचा दीड फूट गेला की पावणेअकरा फूट उरतात. त्यात साडेचार फूट रुंदीचे टेबल मध्यावर ठेवले तर दोन्ही वाटा जेमतेम तीन-तीन फुटांच्या होतात. म्हणून टेबल मध्यावर न ठेवता कपाटांकडे सरकवावे. विक्रेत्याच्या बाजूला अडीच फूट पुरतात, कारण तिथे एकच माणूस वावरतो. गिऱ्हाइकाच्या बाजूला पावणेचार फूट मिळतात, आणि कुटुंबातील चौघे जण टेबलाभोवती उभे राहिले तरी मागून पाचवा जाऊ शकतो.

दिव्यांवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मोकळ्या दुकानात निम्मे काम उजेडच करतो आणि लोक हात आखडतात तो नेमका इथे. आपल्याकडे अजूनही गिऱ्हाईक साडी किंवा चादर उचलून दाराशी जाते आणि ‘उजेडात’ रंग पाहते. हा दिव्यांवरचा अविश्वास साधार आहे. स्वस्त एलईडीखाली मरून रंग तपकिरी वाटतो आणि बाटलीहिरवा काळा. दिवे घेताना सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० किंवा अधिक मागावाच, पण तेवढ्यावर थांबू नये. त्या आकड्याच्या गणितात आठ फिक्या रंगांचीच सरासरी असते. गडद लाल रंग त्यात येतच नाही, त्याचा आकडा ‘आर-नऊ’ म्हणून वेगळा दिलेला असतो. सोलापुरी चादरीत लाल आणि मरून रंगांचे प्रमाण पाहता तुमच्यासाठी हाच आकडा महत्त्वाचा आहे आणि तो ५० च्या वर असल्याचे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. रंगछटा ४००० केल्विनच्या आसपास ठेवावी. ३००० ला दुकान उबदार वाटते, पण पांढरा टॉवेल पिवळट दिसतो, आणि ६५०० ला सगळे औषधाच्या दुकानासारखे होते.

सर्वसाधारण उजेड ३०० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आसपास, टेबलावर ७५०, आणि टांगलेल्या चादरींवर त्याहून थोडा अधिक, असा चढउतार हवा. सगळीकडे सारखा लख्ख उजेड असला की डोळा कुठेच ठरत नाही. चादरींवरचे दिवे भिंतीपासून सुमारे ३ फूट अंतरावरच्या ट्रॅकवर, म्हणजे दिवे सरकवता येतील अशा छताच्या पट्टीवर, बसवावेत, म्हणजे प्रकाश तिरका पडून विणीचा उठाव दिसतो. टॉवेलच्या कट्ट्यावरही प्रकाश असाच तिरका हवा. समोरून पडला की टॉवेलवरचे लूप, म्हणजे दोऱ्याचे उभे फास, सपाट दिसतात आणि टॉवेल पातळ वाटतो. दिवे बसवल्यानंतर एक संध्याकाळ खास राखून ठेवावी, दुकानातील गडद लाल, हिरव्या, निळ्या आणि पांढऱ्या अशा चार घड्या टेबलावर ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घड्या ओट्यावर नेऊन पाहाव्यात. फरक जाणवला तर पैसे चुकते करण्यापूर्वी दिवे बदलून घ्यावेत.

पश्चिमेच्या उन्हाबद्दल माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका दुकानाला रस्त्याच्या रेषेत छतापर्यंत सलग काच लावली. मालक खूश होते आणि मीही. मे महिन्यात त्यांनी बोलावून काचेजवळच्या मांडणीतील एक चादर माझ्या हातात दिली. वरून ती ठीक वाटत होती. उलगडली तेव्हा दर घडीच्या वळणावर बोटभर रुंदीचा फिका पट्टा निघाला, चादरभर समान अंतरावर, जणू कुणी पट्टी ठेवून रंग पुसला आहे. त्या खणातील सगळा माल तसाच झाला होता. दुपारी तीननंतर ऊन इतके खाली उतरते की वरच्या छज्जाचा पश्चिमेला काही उपयोग होत नाही, हे मला कागदावर माहीत होते आणि तरीही मी तो धडा जागेवर लावला नव्हता. काचेवरच्या फिल्मने अतिनील किरण बरेचसे अडतात, पण दृश्य प्रकाश आणि उष्णता यांनीही रंग जातोच. म्हणून काच ५ फूट आत घ्या, बाजूला उभे पडदी खांब द्या आणि काचेच्या मागच्या २ फुटांत विक्रीचा माल ठेवूच नका. तिथे एक टांगलेली चादर असावी आणि ती पंधरा दिवसांनी बदलावी.

काच आत घेण्याचा दुसरा फायदा असा की रस्त्यावरून दुकान दिसू लागते. उन्हाळ्यात रस्त्यावर लाखभर लक्स उजेड असतो आणि आत फक्त ३००. अशा वेळी काचेत आतला माल दिसत नाही, समोरच्या रिक्षा आणि पाहणाऱ्याचा स्वतःचा चेहरा दिसतो. काच सावलीत गेली आणि तिच्या मागे दोन फुटांवर फिक्या रंगाची, स्वतंत्र दिवा असलेली पाठभिंत आली की हा त्रास पुष्कळ कमी होतो. ओट्याच्या सावलीत माणसाचे डोळेही निवतात, चपला काढायच्या की नाही हा संकोच तिथेच मिटतो आणि बाहेर थांबणाऱ्यांना बसायला कट्टा मिळतो. रस्त्यापासून जोते ५ इंचांपेक्षा उंच नसेल तर ५ फुटांत एकास बारा उताराची वाट बसते आणि आजीबाईंना पायरी चढावी लागत नाही.

फरशी शहाबादीच घ्यावी असे मी सुचवीन. ती आपल्याच पलीकडच्या कलबुर्गी जिल्ह्यातून, शहाबादहून येते, तिचा करडा रंग सोलापूरच्या धुळीशी जमवून घेतो आणि तिच्यावर चादरीचा लाल रंग उठून दिसतो. घासून गुळगुळीत केलेली, पण आरशासारखी न चकाकणारी, सारख्या मापाची लादी निवडून घ्यावी आणि सांधे फरशीच्याच रंगाने भरावेत. हा चुनखडीचा दगड आहे. त्याला ॲसिड लागले की वरचा थर खाल्ला जातो. फरशी बसवणारे शेवटी सिमेंटचे डाग काढायला ॲसिड मारतात, तेव्हा त्या दिवशी स्वतः जागेवर हजर राहा. पांढरी मोठी व्हिट्रिफाइड टाइल टाळावी. शहरात नळाला पाणी रोज येत नाही आणि पांढरी फरशी दिवसातून तीनदा पुसावी लागते, हा हिशेब कुणी मांडत नाही.

भिंतींसाठी शुद्ध पांढरा नको. किंचित मातकट झाक असलेला पांढरा घ्यावा, तीन फूट बाय तीन फूट नमुना भिंतीवर लावून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात पाहावा, मगच ठरवावे. हात लागतो तेवढ्या उंचीपर्यंत धुता येणारा रंग हवा. फॉल्स सीलिंग करू नका. १३ फूट उंची हे तुमचे भाग्य आहे. स्लॅब, पाइप आणि ट्रॅक सगळे एकाच रंगात रंगवले की छत नजरेआड होते आणि गरम हवेला वर जायला जागा राहते. फक्त वायरिंगचे पाइप सरळ रेषेत आणि काटकोनात न्यायला लावा, कारण उघड्या छतात तिरका पाइप लपत नाही.

येथे खर्चाबद्दलचा एक गैरसमज दूर करतो. साधे दिसते म्हणून ते स्वस्त पडत नाही. नेहमीच्या कामात गवंड्याची चूक स्कर्टिंग झाकते, सुताराची चूक पट्टी झाकते आणि रंगाऱ्याची चूक कोपऱ्यातील पीओपीची नक्षी झाकते. या पट्ट्या काढून टाकल्या की भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे दहा मिलिमीटरची खाच सरळ धावली पाहिजे, ४५ फुटांत कुठेही न लचकता. असे काम करणारा गवंडी रोजाने लावावा, काम अंगावर, म्हणजे ठोक भावाने, देऊ नये. नक्षीचे पैसे वाचतात ते मजुरीत जातात. ज्याला दर फुटाचा भाव पाडून घ्यायचा आहे त्याने ही पद्धत निवडू नये, असे मी स्पष्ट सांगतो.

आता नंतर चिकटणाऱ्या गोष्टींविषयी. कोणतेही मोकळे दुकान बिघडते ते पहिल्या पंधरा दिवसांत, आणि ते मोठ्या वस्तूंमुळे नव्हे. काउंटरवर तीन कंपन्यांचे क्यूआर कोड सेलोटेपने चिकटतात, मग कॅलेंडर येते, मग घड्याळ, परवान्याची चौकट, देवाची तसबीर, त्यावरचा हार, हाराखाली उदबत्तीचा डाग, चार्जिंगची वायर आणि शेवटी खिळ्याला अडकवलेल्या पिशव्या. या सगळ्या गोष्टी आवश्यक आहेत. त्या नको म्हणणारा डिझायनर दुकान कधी चालवत नसतो. नकाशातच त्यांना जागा द्यावी लागते. देवासाठी गल्ल्याच्या मागे पूर्वेकडच्या भिंतीत दोन फुटी कोनाडा, आत दगड आणि वर धूर जायला फट, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची तसबीर, रोजची उदबत्ती आणि लक्ष्मीपूजनाच्या वह्या तिथे सन्मानाने राहतात. परवाने आणि कॅलेंडर यांच्यासाठी गल्ल्याच्या बाजूचा एक फूट रुंद पट्टा. क्यूआर कोडसाठी टेबलाच्या कडेला एकच लाकडी ठोकळा, खोबणीतून कार्ड बदलता येईल असा. दारावर लिंबू-मिरचीसाठी एक छोटी पितळी कडी आधीच बसवून घ्या, नाहीतर पहिल्याच शनिवारी नव्या चौकटीत खिळा ठोकला जाईल.

पाटीचेही तसेच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यातील सर्व दुकानांना मराठी देवनागरी नाव लावणे बंधनकारक आहे आणि इतर लिपीतील अक्षरे त्याहून मोठी चालत नाहीत. तुम्ही फक्त देवनागरीत नाव लिहा, पत्त्याशिवाय, मोबाइल क्रमांकाशिवाय, चादरीच्या चित्राशिवाय. अक्षरे फूटभर उंच, धातूची, भिंतीपासून इंचभर पुढे आणि मागून उजेड. शटरची पेटी ही दर्शनी भागातील सर्वांत कुरूप वस्तू असते, ती या पाटीच्या मागे जाते. शटर जाळीचे घ्यावे, म्हणजे रात्री दुकान बंद असतानाही टांगलेली चादर दिसत राहते.

विजेच्या बाबतीत दोनच सूचना. मेन बोर्ड कापडाच्या कपाटात कधीही लपवू नये. तो कोठीच्या दारापाशी, हाताला येईल असा हवा. आणि दिव्यांचे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या छोट्या पेट्या, उघडून बदलता येतील अशा जागी ठेवावेत. एबीसी प्रकारची, म्हणजे वेगवेगळ्या आगींवर चालणारी, अग्निशामक नळकांडी दिसायला लाल आहेत म्हणून कोठीत ढकलू नयेत, ती दाराजवळच असावीत.

गर्दीचा विचार राहिला. तुमच्याकडे रोजचे गिऱ्हाईक वेगळे आणि पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट करून येणारी मंडळी वेगळी. ती जीप भरून येतात, दहा जण एकदम आत शिरतात, कुणी मराठी बोलते, कुणी कन्नड, कुणी तेलुगू, आणि अर्ध्या तासात पंधरा चादरी घेऊन पुढे निघतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत हेच चित्र दिवसभर असते. अशा दिवसांसाठी मोकळ्या भिंतीच्या कट्ट्याखाली चाके लावलेली चार खोकी ठेवावीत, प्रत्येकात सर्वाधिक मागणीच्या चादरी तयार बांधलेल्या. गर्दीत ती बाहेर ओढायची, रात्री परत आत ढकलायची. दुकान हंगामात भरते आणि एरवी मोकळे होते. वडिलांना हवे असलेले भरलेपण त्यांना नेमक्या त्या दिवसांत मिळते.

वेळापत्रक सांगायचे तर लग्नसराई आटोपली की ज्येष्ठाच्या अखेरीस काम सुरू करावे. कोठी आणि पोटमाळा पहिल्या तीन आठवड्यांत पूर्ण करून माल तिथे हलवावा, म्हणजे दुकान पूर्ण बंद न ठेवता पुढच्या भागात काम करता येते. पावसात रंग वाळायला वेळ लागतो, म्हणून भिंती गणपतीच्या आसपास आणि दिवे नवरात्राच्या आधी. दिवाळीपूर्वी पंधरा दिवस दुकान नुसते वापरून पाहण्यासाठी हातात ठेवा.

आणि नकाशाची पहिली रेघ मारण्याआधी वडिलांची बैठक ठरवा. आज ते जिथे बसतात तिथे खुर्ची ठेवून स्वतः बसा आणि तिथून काय दिसते ते लिहून काढा: दार, रस्त्यावर थांबलेले वाहन, माल दाखवणाऱ्या मुलाचे हात, गिऱ्हाइकाचा चेहरा. माझ्या अनुभवात मालकाला बसल्या जागेवरून दार आणि टेबल दोन्ही दिसत नसतील तर तो महिन्याभरात स्वतःची खुर्ची हलवतो, तिच्यापाठोपाठ गल्ला हलतो आणि मग सारी मांडणी बिघडते. तुमच्या गाळ्यात ही जागा बंद कपाटांच्या शेवटी, कोठीच्या दाराला लागून येते. तिथे पंधरा इंच उंचीचा, चार फूट बाय चार फूट लाकडी ओटा करून त्यावर पांढरी गादी घालावी, आणि कोनाडा तिच्या मागे घ्यावा.